कानशिलामागचे पांढरे ठिपके

[दृश्य : नागपुरातली दवाखान्यांची धंतोली, सकाळ. रिक्षा, ॲम्ब्युलन्स, फूटपाथवर डबे उघडून बसलेले नातेवाईक.]

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळाली, तर तो दिवस चांगला म्हणायचा. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बैतूल... माणसं पहाटे निघून इथे येतात. काखेत एमआरआयचं मोठं पाकीट आणि तोंडी एकच शब्द : लकवा.

[व्ह्यू बॉक्सवर दोन फिल्म. पडद्यावर : ‘यातील दोन्ही रुग्ण काल्पनिक आहेत.’]

पहिली फिल्म मौद्याकडच्या 70 वर्षांच्या शेतकऱ्याची. “बीपी तं होतं डॉक्टरसाहेब, पण गोळी कधीमधीच घेतली.” दुसरी 43 वर्षांच्या शिक्षिकेची. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. विशीपासून अर्धशिशी मात्र आहे. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात.

वयात 27 वर्षांचं अंतर, आणि मेंदूत जवळजवळ सारखेच पांढरे डाग.

[दृश्य : पेंचचा कालवा, मग वितरिका, मग धानाची बांधी.]

मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक. नेहमीच्या एमआरआयमध्ये त्या दिसतच नाहीत, हे ऐकून बरेच जण चकित होतात. मग दिसतं काय? उपग्रहावरून मौद्याकडे पाहिलं, तर टेलवरची बारीक चारी दिसणार नाही. पाणी न पोचल्यानं पिवळा पडलेला धान दिसेल. एमआरआय तेच करतो. तो चारी दाखवत नाही, सुकलेलं शेत दाखवतो.

त्यासाठी यंत्र वेगवेगळे चष्मे लावतं. ‘फ्लेअर’मध्ये मेंदूतल्या पाण्याची चमक दाबली जाते आणि पांढऱ्या भागातली इजा उजळून दिसते. तीन ते पंधरा मिलिमीटरचे जुने खड्डे म्हणजे लॅक्युन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच डबकं. ‘डिफ्युजन’ ताजा झटका पकडतं, तर ‘एसडब्ल्यूआय’वर काळे ठिपके उमटतात : कधीकाळी झिरपलेल्या रक्तातलं लोह.

शेतकऱ्याच्या फिल्मवर हे काळे ठिपके खोलवर आहेत, थॅलॅमसमध्ये, मेंदूच्या देठात. वर्षानुवर्षं मोकाट सुटलेलं बीपी बहुधा तिथेच सही करतं. हेच ठिपके म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूच्या फक्त कडेकडेला असते, तर संशय अमायलॉइडवर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणाऱ्या प्रथिनावर गेला असता.

[कॅमेरा दुसऱ्या फिल्मवर. सावकाश, कानशिलाकडे.]

आता हिच्या कानशिलामागे पाहा. टेम्पोरल लोबचं पुढचं टोक, दोन्ही बाजूंनी पांढरं. म्हातारपण किंवा बीपी सहसा इथे हात लावत नाही. इथे पांढरं दिसलं की रेडिओलॉजिस्टच्या मनात एक नाव येतं : काडासिल, बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार. काही आशियाई रुग्णांमध्ये ही खूण नसतेही, त्यामुळे ती नाही म्हणून आजार नाही, असं कुणी समजू नये. उलटही घडतं. तरुण बाई, पांढरे डाग, की लगेच मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या दुसऱ्याच आजाराचा शिक्का, आणि मग वर्षानुवर्षं भलतेच उपचार.

काडासिलचं मूळ 19व्या गुणसूत्रावरच्या ‘नॉच 3’ या जनुकात. 1996 साली फ्रेंच संशोधकांनी ते शोधलं. या जनुकात बिघाड असला की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हळूहळू झिजतात. आई किंवा वडील, कुणा एकाकडून आलं तरी पुरे. प्रत्येक मुलासाठी शक्यता निम्मी. पक्कं निदान जनुकीय चाचणीनं होतं. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. बीपी ताब्यात ठेवणं आणि तंबाखू सोडणं दोघांनाही लागू. आणि खर्रा विदर्भात कुठे मिळत नाही!

[दृश्य : डॉक्टरांचं टेबल. कोऱ्या कागदावर वंशवेल.]

शेतकऱ्याला विचारलं होतं, गोळ्या घेता का? हिला वेगळंच विचारतात.

“वडील कशानं गेले?”

“लकव्यानं. पन्नाशीही गाठली नव्हती. आजीलेही तेच झालतं. आम्हाले वाटे, घराण्यातच बीपी आहे.”

“त्यांचं बीपी कधी मोजलं होतं?”

ती नवऱ्याकडे पाहते. कागदावर तिच्या शेजारी आणखी एक चौकोन काढलेला आहे, रिकामा. धाकटा भाऊ, बुटीबोरीत कामाला. त्यालाही डोकेदुखी आहे. त्याला काय सांगायचं, किती सांगायचं आणि चाचणी करायची की नाही हे त्याचं त्यालाच कसं ठरवू द्यायचं, यावरच पुढचा अर्धा तास जातो.