काटा कुणाच्या अंगावर येतो?

संगीताचा परिणाम माणसागणिक का बदलतो, हा आजचा विषय. त्याकडे येतेच, पण आधी एका प्रयोगाबद्दल बोलू द्या. त्याचा निष्कर्ष सगळे सांगतात, मला मात्र त्याची आखणी महत्त्वाची वाटते.

2001 साली ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे या मेंदू-संशोधकांनी मॉन्ट्रियलमध्ये 10 जणांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. जिने हमखास अंगावर काटा येतो अशी रचना प्रत्येकाने स्वतः निवडायची होती. आता तुलनेला काय घ्यायचं? गोंगाट आणि शांतता होतीच. शिवाय त्यांनी एकाची लाडकी रचना दुसऱ्याला ऐकवली. सूर तेच, लय तीच, वाद्यं तीच. एकाच्या अंगावर काटा, दुसरा जागचा हलला नाही. जादू नुसत्या सुरांत असती, तर ही तुलना उभीच राहिली नसती!

म्हणूनच ‘मन शांत करणारी गाणी’ अशा तयार याद्यांवर माझा मनापासून राग आहे. त्या बहुधा संथ लय आणि मंद आवाज बघून बनवतात. पण ‘हे गाणं उदास आहे’ आणि ‘मी उदास झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदास गाणं ऐकून पुष्कळांना बरंच वाटतं. कागदावर दोन रकाने आखा: गाण्यात कोणता भाव ओळखू आला, आणि स्वतःला काय झालं. लगेच लिहा; तासाभराने लिहिलंत तर दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात. आणि काट्याची वाट बघत बसू नका, लक्ष स्वतःच्या हातावर गेलं की तो येत नाही. आजाऱ्याच्या उशाशी काही लावायचं असेल, तर आधी त्याला विचारा. तो बोलू शकत नसेल, तर ऐन तारुण्यात तो काय ऐकायचा हे घरच्यांना विचारा. त्या वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट असतात. एखाद्या सुरावटीला वाईट आठवण चिकटलेली असेल, तर सगळ्यांना गोड वाटणारं गाणंही त्याला नकोसं होतं.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, तेव्हा उरलेलं भराभर सांगते.

आठवण हे एक कारण झालं. दुसरं, अपेक्षा. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे कानाला कळतं तेव्हाच ती लांबवण्यात गंमत येते. ज्याला ताल परका, त्याला काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. 2011 मधल्या एका अभ्यासात, आवडता क्षण येण्याआधी मेंदूच्या एका भागात आणि तो आल्यावर दुसऱ्या भागात डोपामीन, म्हणजे सुखाच्या ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, स्रवताना दिसलं. तिसरं, सवय. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरजोड्यांतला फरक ऐकू येतो, पण दोन्ही सारख्याच आवडतात. हे 2016 साली प्रसिद्ध झालं. अचानक धाडकन आवाज झाला की मात्र जवळपास सगळेच दचकतात, तिथे शिकण्याचा फारसा संबंध नाही.

आणि शेवटचं, ज्यांना संगीताने काहीच होत नाही त्यांच्याबद्दल. बार्सिलोनातल्या संशोधकांनी 2014 साली अशा लोकांना तपासलं. गाण्यातला भाव त्यांना ओळखता येत होता, पण ना नाडी वाढली ना त्वचेवर फरक दिसला. त्यांनाच पैसे जिंकण्याचा खेळ दिला, तर शरीर इतरांसारखंच खुललं.