इथे शूटिंग झालं होतं, पण कॅमेरा कुठे होता?

(पुण्यातल्या एका वाचक मंडळात केलेल्या भाषणाचं थोडं आवरून घेतलेलं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रकात विषय छापलाय 'चित्रपटांची चित्रीकरणस्थळे आणि पर्यटनाच्या नव्या दिशा'. हे नाव मी दिलेलं नाही हां. मी फोनवर एवढंच म्हणलो होतो, 'इथे शूटिंग झालं होतं', पण ते आपल्या सेक्रेटरींना फारच साधं वाटलं असावं. दिशा वगैरे मला काही माहीत नाहीत. माझ्याकडे एकच मुद्दा आहे, तो मी गेली सहा-सात वर्षं घरी सांगतोय आणि घरी आता कोणी ऐकत नाही, म्हणून इथे आलो. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नातवंडांना क्लासहून आणायचंय ते मोकळे. सिनेमाचं लोकेशन बघायला गेलात तर हिरो कुठे उभा होता ते शोधू नका, कॅमेरा कुठे उभा होता ते शोधा. पाटी लावायचीच असेल तर तिथे लावा, बास. आता हे असं का, त्याचे तीन मुद्दे कागदावर लिहून आणलेत, पण त्याआधी मेणवलीचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

मेणवलीला किती जण गेलेत? हात वर करा जरा. बरेच आहेत की! मग नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, चंद्रकोरीसारखा वळलेला, हे मी सांगायला नको. ती घंटाही बघितली असेल, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली त्यानंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७०७ साल आहे आणि मेरीमाता आहे बाळ येशूला घेऊन. शंकराच्या देवळाशेजारी. कोणाला काही वावगं वाटत नाही, मजेत चाललंय.

तर आम्ही गेलो होतो चौघं, मी, आमची ही, माझा मेहुणा आणि मेहुण्याची बायको. मेहुणा म्हणजे 'स्वदेस'चा भक्त. २००४ सालचा पिक्चर, पण अजून दर पंधरा ऑगस्टला लावून बसतो आणि रडतो, आम्हालाही बसवतो. त्याला चरणपूर बघायचं होतं. आता पिक्चरमधलं चरणपूर उत्तर प्रदेशात, आणि खरं चरणपूर आपलं खंबाटकी उतरलं, सुरूर फाट्याला वळलं की वाई आणि वाईपुढे तीन किलोमीटर. पुण्यातून निघून मिसळ खायला थांबलात तरी दहाला पोचता. आम्ही साडेअकराला पोचलो, कारण मिसळ दोनदा खाल्ली, तो वेगळा विषय आहे.

वाड्यापाशी गाडी लावली तोच एक पोरगा आला, सर, शारुख कुठं बसलेला दाखवतो, दोनशे रुपये. मेहुण्याने घासाघीस न करता दिले, पुण्याचा माणूस असून, यावरून भक्ती ओळखा. पोरग्याने एक पायरी दाखवली. मेहुणा तिथे बसला, आम्ही फोटो काढला. फोटोत काय आलं? एक टक्कल पडत चाललेला माणूस, मागे दगडी भिंत, आणि भिंतीवर वाळत घातलेली गोधडी. तो म्हणाला, असं नव्हतं रे पिक्चरमध्ये. मग दुसरा पोरगा आला, तो म्हणाला त्यानं चुकीचं सांगितलं, शारुख इथं बसलेला. शंभर रुपये. ही पायरी आधीच्या पायरीपासून वीस पावलांवर. पुन्हा फोटो, पुन्हा तोच माणूस, आता गोधडीऐवजी एक कुत्रं. मला तर अशी शंका आहे की त्या घाटावर शारुख न बसलेली पायरीच शिल्लक नसेल.

दीड तास हे चालू. बायका वैतागून काकडी खात सावलीला बसलेल्या. शेवटी खाली पाण्याजवळ कपडे धूत असलेल्या एका आजींनी विचारलं, "आवं पाव्हणं, काय हुडकताय मघाधरनं? काय पडलं का?" म्हणलं आजी, शूटिंग कुठे झालं ते शोधतोय. तर आजी काय म्हणाल्या असतील? "कंचं? बिहारवालं का मद्रासवालं?"

हसू नका, बरोबर प्रश्न आहे त्यांचा! 'गंगाजल'मध्ये हाच वाईचा मुलूख बिहार झाला, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशातलं लालगंज झाला, 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये थेट तामिळनाडू. एवढा अनुभवी नट आपल्याकडे दुसरा नाही, सगळ्या भाषांत काम करतो आणि वाईचा रोल मात्र त्याला क्वचितच मिळतो. आजींची एक म्हैस होती, ती दोन पिक्चरमध्ये आहे म्हणे, तिलाही कोणी भाषा विचारली नाही.

मेहुण्याने मोबाईलवर फ्रेम दाखवली. घाट, पाणी, मागे देवळाचं शिखर. आजींनी हात पदराला पुसले, मोबाईल डोळ्याजवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग म्हणाल्या, "आन् मग हितं कशाला बसताय? हे हिकडनं कसं दिसंल? हे पल्याडनं काढल्यालं हाय. त्या बाभळीच्या अंगाला जावा."

मंडळी, इतकं साधं होतं. आम्ही दीड तास फ्रेमच्या आत बसून फ्रेम शोधत होतो!

मग पुलावरून वळसा घालून पलीकडे गेलो. उसाच्या बांधावरून, चिखलातून, माझी एक चप्पल तिथेच राहिली, ती चप्पल म्हणजे खरं तर माझी पाटी आहे म्हणा ना. बाभळीपाशी पोचलो आणि मेहुण्याने मोबाईल हाताच्या अंतरावर धरला. जमेना. शिखर झाडाच्या फार डावीकडे. म्हणलं दोन पावलं सरक. सरकला. अजून दोन. आणि मग शिखराचं टोक हळूच झाडाच्या मागून बाहेर आलं, पायऱ्यांची कड पाण्याच्या रेघेला लागली, आणि मोबाईलमधलं चित्र आणि समोरचं चित्र एकमेकांवर बसलं. मेहुणा काही बोलला नाही. मी पण नाही. मागे वळून बघितलं तर उसाला पाणी सोडलेली मोटर ठकठक करत होती आणि विजेचा खांब होता. हा खांब आणि ही मोटर, ते जे कोणी कॅमेऱ्यामागे उभे होते त्यांना दिसत होतं, आणि आपल्याला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. मला घाट बघून जेवढा आनंद नाही झाला तेवढा तो खांब बघून झाला. हे मी घरी सांगितलं तर ही म्हणाली, खांब बघायला नव्वद किलोमीटर गेलात.

(इथे मला पाणी द्या कोणीतरी. थँक्यू.)

आता लोक काय करतात बघा. लडाखला पँगाँगला गेलात तर 'थ्री इडियट्स'मधल्यासारख्या त्या विचित्र आकाराच्या खुर्च्या आणि पिवळी स्कूटर भाड्याने मांडून ठेवलेली असते. चार हजार मीटरच्या वर, श्वास लागतोय, समोर एवढं निळं पाणी आणि रांग कशाची तर स्कूटरची. पिक्चरमधलं कॉलेज बेंगळुरूच्या आयआयएमचं, बाळकृष्ण दोशींनी बांधलेलं, आपल्या पुण्यातच जन्मलेले ते, त्या दगडी कॉरिडॉरमध्ये ऊन कसं उतरतं बघा कधी. तिकडे कोण जातं? कारण तिथे खुर्ची नाही. फिलाडेल्फियाला तर म्युझियमच्या ७२ पायऱ्या पळत चढतात लोक, 'रॉकी'मध्ये चढला म्हणून, वर हात उंचावतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. आत म्युझियम आहे हो! अर्थात मला बोलायचा अधिकार नाही, मी राजा केळकर म्युझियम शाळेच्या ट्रिपनंतर बघितलेलं नाही.

जपान्यांचं मात्र कौतुक आहे. त्यांच्यात ॲनिमेशनमधल्या जागा शोधत फिरणारे लोक आहेत, त्याला ते तीर्थयात्रा अशा अर्थाचाच शब्द वापरतात. कामाकुराला समुद्रकाठी एक साधं रेल्वे फाटक आहे, 'स्लॅम डंक'मध्ये दाखवलेलं, तिथे गर्दी एवढी होते की आसपास राहणारे कावलेत. आणि गंमत अशी की तिथे कॅमेरा नव्हताच, चित्रं हाताने काढलेली! तरी लोक बरोबर कोन शोधून उभे राहतात. आपल्याकडे खरा कॅमेरा होता, ट्रायपॉड होता, दोनशे माणसं जेवली, तरी आपण पायरी शोधतोय.

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं. बरं बरं, साडेसातला योगाचा वर्ग आहे का इथे, मला सांगितलं होतं आठपर्यंत हॉल आहे. असू दे. शनिवारवाड्याचं एक सांगतो आणि मुद्द्यावर येतो. 'बाजीराव मस्तानी' आल्यावर आमच्याकडे दिल्लीचे पाहुणे आले, त्यांना आईनामहल बघायचा होता. त्यांना शनिवारवाड्यावर नेलं. दिल्ली दरवाजातून आत गेले, बाग बघितली, कारंज्याची हौदं बघितली, आणि विचारलं, महल किधर है? म्हणलं १८२८ ला जळाला, आणि तुम्ही बघितला तो मुंबईत सेटवर बांधलेला. इतके नाराज झाले, जसं काही मीच पेटवला. 'शोले'चं रामगड पण तसंच. बेंगळुरूजवळ रामनगरला, राम येडेकर या आपल्या मराठी कलादिग्दर्शकाने तिथल्या खडकांत अख्खं गाव उभं केलं, १९७३ ला शूटिंग सुरू झालं, १९७५ ला पिक्चर आला. आज तिथे ना ठाकूरचं घर ना पाण्याची टाकी. मोठमोठे खडक आहेत आणि गिधाडांचं अभयारण्य आहे. लोक म्हणतात काहीच नाही तिथे. अहो, सेट गेला पण खडक हललेत का? खडकांच्या रेघा जुळवा, कॅमेऱ्याची जागा आजही सापडेल.

हां, तर हाच माझा पहिला मुद्दा, भराभर सांगतो. हिरोची जागा म्हणजे एक फरशी. तिथे उभं राहिलं की जे दिसतं ते पिक्चरमध्ये नाहीच, ते हिरोला दिसत होतं, आपल्याला नाही. आपण पिक्चर बघितला तो कॅमेऱ्याच्या जागेवरून. आपली जागा ती.

दुसरा, ती जागा शोधायची कशी. फ्रेममध्ये एक जवळची वस्तू धरा आणि एक लांबची. झाड आणि शिखर, खांब आणि डोंगर. जागेवर उभं राहून झूम केलंत तर दोन्ही सारख्याच मोठ्या होतात, त्यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही. ते फक्त पायाने चालल्यावर बदलतं. म्हणून आधी चाला, नातं जुळवा, मग झूम करून मापात आणा. आणि 'अरे एवढंसंच आहे होय' असं जे आपण म्हणतो ना, तेही त्यातच आहे. वाईड लेन्स जवळ लावून चौक मोठा दाखवतात, लांब उभं राहून मोठी लेन्स लावली की मागचा डोंगर घराच्या परड्यात आल्यासारखा दिसतो. जागा फसवत नाही, तुम्ही चुकीच्या अंतरावर उभे असता.

तिसरा मुद्दा पुण्याचा. पेठांमधून फिरताना निळ्या पाट्या दिसतात, इथे अमुक थोर व्यक्ती राहत होत्या. चांगलंच आहे. पण प्रभात कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली, त्या आवारात 'संत तुकाराम' झाला, १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि आगाखान पॅलेसमध्ये तर 'गांधी'चं शूटिंग झालंय, म्हणजे कस्तुरबा जिथे १९४४ ला खरोखर गेल्या तिथेच. वाईला जे फारसं मिळत नाही ते आगाखानला मिळालं, स्वतःचा रोल. तिथे जमिनीत एक छोटी फरशी बसवा, त्यावर दोन पावलं कोरा आणि एक फ्रेम. 'येथे कॅमेरा होता. तिकडे बघा.' पुणेरी पाटीला शोभेल इतकं थोडक्यात आहे. खर्च काहीच नाही. खाली 'येथे थुंकू नये' पण लिहा, ते लागतंच.

झालं, संपवतो. योगावाले आले, दिसतायत सतरंज्या घेऊन. एकच सूचना, येत्या रविवारी आम्ही आठ-दहा जण आपटा स्टेशनला जाणार आहोत, पनवेलच्या पुढे, 'दिलवाले दुल्हनिया'चा शेवटचा सीन झाला ते. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याकडे नाव द्या. फ्रेम कागदावर छापून आणा, उन्हात मोबाईल दिसत नाही. रुळांवर उतरायचं नाही, आणि पळत गाडी पकडायचा सीन कोणीही करायचा नाही, मी मेहुण्याला पण सांगितलंय.

प्रश्न आहे का कोणाचा? हां, बोला काकू.

काय? कॅमेरा धावत्या गाडीत असेल तर पाटी कुठे लावणार?

... हे बघा, मी मेणवलीचा विचार केलेला. गाडीचा नव्हता केला. ती... गाडीलाच लावावी लागेल, पण मग ती कोणत्या डब्याला... तुम्ही येताय का रविवारी? या तुम्ही. नाव लिहून घ्या रे काकूंचं, पहिलं लिहा.