लस, फ्लू आणि पायातला जीव

(दृश्य: यावल तालुका, वैशाखातली दुपार. केळीच्या बागेत ठिबक सुरू आहे.)

वैशाखात भुसावळचा पारा ४५ च्या घरात असतो. अशा उन्हात फ्लूची आठवण कुणाला येणार? पण जाणते डॉक्टर नेमकं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारालाच सांगतात, लस घ्यायची तर आता घ्या. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि लस टोचल्यावर शरीराची तयारी व्हायला दोनेक आठवडे लागतात. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळे भाऊबंद एका घरात जमतात. त्यात खोकणारा एकजण असला तरी पुरतो.

लशीचं नाव काढलं की ओट्यावरून हमखास प्रश्न येतो, "त्या सुईनं लकवा मारतो म्हणे, खरं का?"

हा प्रश्न उडवून लावू नये. विचारणारा अडाणी नसतो. त्याच्या भीतीमागे खरा आजार आहे आणि खरा इतिहासही आहे.

(दृश्य: दवाखाना. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेला रुग्ण.)

आजाराचं नाव गिया-बारे सिंड्रोम. दवाखान्यात सगळे जीबीएस म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गिया, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून त्याचं वर्णन केलं. रोगाशी लढणारी आपलीच यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उठते. उंदरानं मोटारीच्या वायरीचं वेष्टन कुरतडावं आणि पंपापर्यंत वीज पोचू नये, तसं नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत जात नाही.

सुरुवात बहुधा पायांपासून होते. तळव्यांना मुंग्या येतात. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. उकिडवं बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. अहिराणीत माणूस सांगतो, "पायमा जीवच नही." मग अशक्तपणा वर चढतो, हातांत, कधी चेहऱ्यात, कधी श्वासाच्या स्नायूंत. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात, एरवी उडणारा पाय जागचा हलत नाही. मग ते एका श्वासात १ पासून पुढे मोजायला सांगतात. निरोगी माणूस सहज विसाच्या पुढे जातो. रुग्ण दहा-बाराला अडखळला, तर डॉक्टर अतिदक्षता विभागात खाट बघायला लागतात.

या आजाराआधी बहुतेकदा एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो, हगवण किंवा सर्दी-ताप. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावर होता. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्याचं आणि जीबीएसचं नातं जुनं आहे.

मग लशीचं नाव यात कसं आलं? १९७६ साली अमेरिकेत, फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लू आढळला. साथ पसरेल या धास्तीनं ऑक्टोबरपासून लसीकरण सुरू झालं आणि सुमारे साडेचार कोटी लोकांनी लस घेतली. त्यांच्यात जीबीएसचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले, दर लाखामागे साधारण एक जादा. डिसेंबरात मोहीम थांबवली. ती साथ तर आलीच नाही. लोकांच्या मनात बसलेली भीती तिथून निघाली आहे, आणि ती खोटी नाही.

त्यानंतरच्या फ्लूच्या लशींवर म्हणूनच बारीक नजर राहिली. त्यांच्याबाबतीत धोका आढळलाच तर दर दहा लाखांमागे एक ते दोन जादा रुग्ण इतका. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो, कारण त्यानं लस आणि फ्लू दोन्ही एकाच तराजूत घातले. लशीमागे जीबीएसचा जादा धोका दहा लाखांत सुमारे एक, आणि फ्लू होऊन दवाखान्यात आलेल्यांत सुमारे सतरा.

(दृश्य: आठवडे बाजार. गर्दी.)

आता हा हिशोब आपल्या मातीत करू. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून लोकसंख्या सुमारे ७९ लाख होती. जीबीएस दरवर्षी लाखात एक-दोघांना होतोच. म्हणजे कुणालाही एकही सुई टोचली नाही, तरी खान्देशात वर्षाला ८० ते १६० जणांना तो होऊ शकतो. समजा, दहा लाख लोकांनी लस घेतली. पुढच्या सहा आठवड्यांत त्यांच्यातल्या एक-दोघांना हा आजार तसाही झाला असता. लशीमुळे आणखी एक-दोन. गावाला मात्र सगळे "सुईनंतर झालं" असेच दिसणार. ज्याच्या घरात हे घडतं त्याला आकडेवारी ऐकवून उपयोग नाही, त्याला उपचार हवे असतात.

उपचार आहेत. आयव्हीआयजी नावाचं औषध शिरेतून देतात, बहुधा पाच दिवस, किंवा यंत्रातून रक्तातला प्लाझ्मा बदलतात. दोन्ही खर्चिक आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर गुण चांगला येतो. बहुतेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात, काहींचा अशक्तपणा मागे राहतो, थोडे दगावतात. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच वेळ जातो. म्हणून पाय लुळे वाटले तर चोळत, उतारा टाकत बसू नका, त्याच दिवशी निघा.

(दृश्य: आशाताई अंगणात बाजेवर बसून आजींशी बोलताहेत.)

म्हातारी माणसं, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले, गरोदर बाया यांना फ्लू जड जातो, त्यांनी लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. मागे कधी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला असेल, तर ते आधी सांगावं, सुई नंतर. आणि लशीनंतर हातापायांतली ताकद कमी झाली, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लस कोणती, कोणत्या तारखेला घेतली, हे सांगून नोंद करून घ्या. १९७६ ची मोहीम थांबली ती अशाच नोंदींमुळे.