साडेचारचा फोन

मंडळी, गेल्या वर्षी एक जोडपं मुलीचा इंग्लंडचा व्हिसा नामंजूर झाला म्हणून माझ्याकडे आलं. सांगलीचं. त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगतो. नावं घेणार नाही. दोघं इंग्लंडला आले तेव्हा मुलगी बारावीत होती. वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिला आजीजवळ ठेवलं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी हेच केलं असतं. बोर्डाची परीक्षा झाली, मग सीईटी, मग आजीचं आजारपण, आणि आजी गेली. व्हिसाचा अर्ज भरला तेव्हा मुलगी १९ वर्षांची होती. नामंजुरीच्या पत्राचं सार एवढंच, की मुलगी सज्ञान आहे, तिला पैसे पाठवा, अधूनमधून भेटायला जा.

वयाचं आधी सांगून टाकतो. इथे अर्जाच्या तारखेचं वय धरतात. १८ पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी जरी अर्ज गेला, तरी निकालाची वाट बघताना १८ ओलांडली, केवळ एवढ्या कारणावरून तो फेटाळता येत नाही. ज्यांची मुलं १७ची आहेत, त्यांनी आज घरी जाऊन कॅलेंडर काढावं.

त्यानंतर वाट फार अरुंद होते. सज्ञान नातेवाइकांसाठीचा नियम २०१२ पासून इतका कडक आहे, की वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो, अशांनाच तो लागू होतो. धडधाकट मुलगी त्यात बसत नाही. म्हणून अपील उभं राहतं ते युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमावर, म्हणजे कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर. मूल परदेशात असेल तर अपिलासाठी नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून २८ दिवस हातात असतात. त्यातले दहा दिवस ‘कुणाच्या ओळखीचं कुणी आहे का’ यात जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

न्यायाधीश काय शोधतात? सज्ञान मूल आणि आईवडील यांच्यात नुसती माया असून भागत नाही, खराखुरा आधार दिसावा लागतो, असं २००३ च्या कुगथास खटल्यापासून धरलं जातं. त्यामुळे दहा नातेवाइकांकडून ‘यांचं लेकीवर फार प्रेम आहे’ असं लिहून आणू नका.

‘तुम्हीच तिला मागे ठेवून आलात’ हे तर ऐकावं लागतंच. त्यावर २०१७ चा राय खटल्याचा निकाल वाचा. ते नेपाळी गुरखा कुटुंब. अपील न्यायालयानं म्हटलं, आईवडील निघाले तेव्हा कौटुंबिक जीवन होतं का आणि ते गेल्यावरही टिकलं का, हे बघायला हवं. ब्रिटिश सैन्यातल्या गुरखांना पूर्वी इथे स्थायिक होऊ दिलं नव्हतं, त्यांच्या पारड्यात त्या जुन्या अन्यायाचं वजन असतं, ते आपल्याला मिळत नाही. पण पहिला प्रश्न आपल्यालाही तोच.

मी त्या सांगलीच्या आईचा फोन मागितला. ती केअर होममध्ये काम करते, चहाची सुट्टी साडेचारला. वर्षभर रोज साडेचारला मुलीला कॉल. मुलीच्या फोनवर तेच कॉल उन्हाळ्यात रात्री नऊचे, आणि ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे गेली की दहाचे. मधेच मेसेज: ‘ताप उतरला का? गोळी जेवल्यावर घे, उपाशीपोटी नको.’ खोलीचं भाडं, कॉलेजची फी, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सगळं त्या वीस मिनिटांत ठरायचं. आई म्हणाली, “हे काय दाखवायचं? हे तर सगळेच करतात.” आम्ही सगळं छापलं. मराठी मेसेज इंग्रजी भाषांतराशिवाय देता येत नाहीत, म्हणून ओळ न् ओळ भाषांतर करून घेतली.

नुसत्या कागदांवर निकाल मागण्यापेक्षा फी जास्त पडते, तरी सुनावणीच मागा. मुलगी तिकडे, त्यामुळे साक्षीला आई उभी राहिली. गृहखात्याच्या प्रतिनिधीनं विचारलं, मुलगी आजारी पडली तर कुणाला कळवते? ती म्हणाली, “मला. आणि तेव्हा ती साडेचारची वाट बघत नाही.”

अपील मंजूर झालं. निकालपत्रात न्यायाधीशांनी नऊ आणि दहाच्या त्या वेळा लिहिल्या होत्या.