पत्र आणि पत्रे

(दृश्य: सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा हॉल. बाहेर जुलैचा पाऊस. जमिनीवर खडूने आखलेला चौकोन.)

छपरावर पाऊस वाजतोय, म्हणून आज सगळेच दोन पट्ट्या वर बोलतायत. खडूचा हा चौकोन म्हणजे व्हेरोना शहर. कोपऱ्यातलं बाक म्हणजे ज्युलिएटचा सज्जा. खरं तर मूळ संहितेत ‘बाल्कनी’ हा शब्द कुठेच नाही, खिडकी आहे. पण सज्जा नसेल तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील, असं नेपथ्यवाल्याचं मत आहे.

कॉलेजात पुरुषोत्तम करंडकासाठी घसे फोडलेली ही आठ-नऊ मुलं आता नोकऱ्या सांभाळून ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ मराठीत बसवतायत. प्रेक्षक ठरलेले आहेत, आठवी-नववीचे वर्ग. प्रयोग 70 मिनिटांचा, म्हणजे दोन तासिकांत बसणारा. मूळ नाटक 3000 ओळींच्या आसपास. कात्री आलीच.

प्रत्येक शाळेत पहिला प्रश्न शिक्षकांच्या खोलीतून येतो: मुलांना यातलं काय कळणार? दुसरा प्रश्न आवाज जरा खाली आणून विचारला जातो: आणि नको ते कळलं तर?

(दृश्य: वर्ग. बाकांवर संहितेच्या झेरॉक्स.)

दिग्दर्शिकेला इथे सगळे ताईच म्हणतात. तालमी सुरू करण्याआधी ताईंनी एका आठवीच्या वर्गात बसून नाटक वाचून घेतलं. ज्युलिएटच्या दाईची लांबलचक बडबड आहे, तिच्यात वय येतं. 31 जुलैच्या रात्री पोरीला चौदा पूर्ण होणार, अजून पंधरवडा आणि वर थोडे दिवस बाकी. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे आमच्याच वर्गात.”

शेक्सपिअरने ही गोष्ट 1562 च्या एका इंग्रजी काव्यावरून घेतली. त्यात ज्युलिएट सोळाच्या घरात आहे आणि सगळं घडायला कित्येक महिने लागतात. याने वय खाली आणलं आणि महिने दाबून दिवसांवर आणले. रविवारी सकाळी भर रस्त्यात मारामारी, रात्री मेजवानीत पहिली भेट. सोमवारी दुपारी चोरून लग्न आणि त्यानंतर तासाभरात दोन खून. गुरुवारी उजाडता उजाडता सगळं संपलेलं.

तालमीच्या हॉलमध्ये ब्राउन पेपरवर या वारांचा तक्ता चिकटवलाय. त्यात एक गंमत सापडली. मेल्यासारखी झोप आणणारं जे औषध ज्युलिएट पिते त्याचा अंमल 42 तासांचा, असं संहिता सांगते. ती पिते मंगळवारी रात्री आणि जागी होते गुरुवारी पहाटेच्या आधी. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाने बोटं मोजली आणि म्हणाला, “ताई, हे तीससुद्धा भरत नाहीत.” ताई म्हणाल्या, “हिशेब त्याचा, आपण कशाला चुकवायचा?” तासांचा आकडा प्रयोगातून गेला. माझ्या मते ठेवायला हवा होता. आठवीतल्या कुणीतरी नक्की पकडला असता.

(दृश्य: बाकावर उभी ज्युलिएट.)

आता तो सज्जाचा प्रवेश. नकला करणारे इथे कपाळावर हात आडवा धरून रोमिओला शोधतात. पण ज्युलिएट ‘तू कुठे आहेस’ असं विचारतच नाही. ती विचारते, तू रोमिओच का? त्याच घरातला का? टाकून दे ते नाव. हे वाचताना वर्गात खिदळतील म्हणून ताई तयारीत होत्या. कुणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, “आम्ही नुसतं नाव सांगितलं की लगेच ‘पूर्ण नाव सांग’ म्हणतात.” तिच्या शेजारचा मान खाली घालून पेन्सिलने बाक कोरत राहिला. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, हे कॅमेऱ्यासमोर कुणी बोललं नाही. कळलं सगळ्यांना.

शब्दांच्या बाबतीत मराठी इथे मदतीला धावून आली. मेजवानीत ज्युलिएट अनोळखी रोमिओला ‘यू’ म्हणते. सज्जात, तो ऐकतोय हे ठाऊक नसताना, ‘दाऊ’ म्हणते. आजच्या इंग्रजीत हा फरक पुसला गेलाय. आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘तू’ तयारच आहेत. आज तालमीत ज्युलिएट करणारी मुलगी मेजवानीतच चुकून ‘तू’ म्हणून गेली. ताईंनी टाळी वाजवून थांबवलं. “अजून तुम्ही. तू खिडकीत.” पोरीने जीभ चावली आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. या पहिल्या भेटीतला संवाद मुळात दोघांनी वाटून घेतलेलं चौदा ओळींचं सुनीत आहे. यमकं जुळवण्यात बरेच रविवार गेले आणि शेवटी फक्त अखेरच्या दोन ओळींचं यमक हाती लागलं.

दोन घराण्यांचं भांडण कशावरून? हे प्रत्येक वर्गात विचारतात. नाटकात उत्तर नाही, जुनं वैर एवढंच. ताईंनीही पदरचं कारण घातलेलं नाही.

(दृश्य: विंगेत टांगलेला पत्रा.)

मागच्या एका नाटकात ढगांच्या गडगडाटासाठी आणलेला हा पत्रा. या प्रयोगात त्याला वेगळं काम आहे.

ज्युलिएट मेलेली नाही, नुसती झोपलीय, हे सांगणारं पत्र रोमिओपर्यंत पोचतच नाही. ते घेऊन निघालेला फ्रायर जॉन नावाचा साधू सोबतीला दुसऱ्या एका साधूला घ्यायला जातो. तो असतो आजाऱ्यांच्या भेटीला. घरात साथ आहे या संशयाने शहराचे तपासनीस दार बंद करून दोघांना आत कोंडतात. हा प्रवेश जेमतेम तीसेक ओळींचा. कात्री लागली की पहिला बळी त्याचाच. इथेही गेलाच होता. वर्गातल्या वाचनानंतर परत आला.

हे नाटक लिहिलं गेलं साधारण 1595 च्या सुमारास. त्याआधी 1592 ते 94 या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बराच काळ बंद होती, त्यामुळे ‘दार बंद केलं’ एवढं म्हटलं की तिथल्या प्रेक्षकाला पुरत असणार. पुण्याला तरी कुठे समजवावं लागतं? 1897 च्या प्लेगात याच पेठांमधून सोल्जर घरात शिरून आजारी माणसं शोधत होते, तो धडा इतिहासाच्या पुस्तकात असतो. आणि 2020 साली गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले, तेव्हा ही मुलं दुसरी-तिसरीत होती. तो धडा कुणी शिकवावा लागला नाही.

म्हणून प्रयोगात जॉन आत जातो आणि दोघे जण हा पत्रा आणून त्याच्यासमोर उभा करतात. हातोड्याचे चार ठोके. पत्र आत राहतं.

शेवटाबद्दल मात्र बरीच वादावादी झाली. मृत्यू दाखवायचेच नाहीत, असंही एका शाळेने सुचवलं. ताईंनी मृत्यू ठेवले, पण निळा प्रकाश आणि व्हायोलिन काढून टाकलं. ज्युलिएटचं लग्न घरच्यांनी ज्याच्याशी ठरवलं त्या पॅरिसला रोमिओ थडग्यापाशी मारतो, तो भाग बरेचदा गाळतात. तो इथे आहे, म्हणजे रोमिओ धुतल्या तांदळासारखा उरत नाही. प्रयोग संपला की लगेच दिवे लागतात आणि नट मुलांमध्ये जाऊन बसतात. शाळेच्या समुपदेशकही तिथेच असतात. बर्लिनहून ऐंशीच्या दशकात पुण्यात आलेल्या ग्रिप्सच्या बालनाट्यांवर ताई वाढल्या आहेत. मुलांपासून लपवायचं नाही आणि त्यांना एकटंही सोडायचं नाही, हे त्यांनी तिथूनच घेतलंय.

(दृश्य: पहिला प्रयोग संपलाय. हॉलचे दिवे लागलेत. मुलं घोळका करून बसलीत.)

प्रेमाबद्दल एकही प्रश्न आला नाही. एक बारका मुलगा सरळ जॉनकडे गेला.

“तुम्ही पत्र फटीतून बाहेर का नाही टाकलं?”

जॉनने संहितेतलंच उत्तर दिलं. “टाकलं असतं रे. पण न्यायला कुणी तयार नव्हतं. सगळे घाबरलेले.”

मुलाने जरा विचार केला. “आमच्याकडे दूधवाला पण पत्र्यापाशीच थांबायचा. आजी वरून दोरीला पिशवी बांधून सोडायची.”

“मग?”

“मग काय, यायचं दूध वर.”

(दृश्य: अंगणात टेम्पो. भिजू नये म्हणून ताडपत्री टाकून पत्रा चढवतायत.)