‘इच्छाच नाही’ असे लिहिण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षणाची हजेरी घसरू लागली की पुनर्वसनाच्या कामातल्या आम्हा मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : “यांना मनापासून करायचेच नाही.” मग एखाद्या वक्त्याचे भाषण ठेवले जाते, टाळ्या पडतात आणि पुढच्या सोमवारी तीच बाके पुन्हा रिकामी दिसतात.

माझ्याकडे एक तरुण येत असे. पुण्याजवळच्या भोसरीत तो टर्नर होता, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग कातून घडवणारा कारागीर. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेल्यावर आम्ही त्याला शिवणवर्गात बसवले, कारण त्या महिन्यात तेवढाच वर्ग सुरू होता. तीन आठवडे त्याने मान खाली घालून काजे-बटणे केली आणि मग येणे थांबवले. त्याच्या नोंदवहीत ‘प्रेरणेचा अभाव’ हे शब्द माझ्याच अक्षरात आहेत. पुढे त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने फडक्यात गुंडाळलेला, बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर कॅलिपर काढून दाखवला. त्यावर तेलाचा ताजा हात होता. “सर, माप अजून चुकत नाही माझं,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या येण्याचे म्हणाल, तर दोन बस बदलाव्या लागत, आणि बसची पायरी कृत्रिम पायाला उंच पडे. हे विचारायचे मला सुचलेच नव्हते.

पुण्याला हे काम नवे नाही. 1917 साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीत आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट जखमी सैनिकांना कसब शिकवत आली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले, सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखल्या आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढण्यास मनाई केली. खासगी कारखान्यातल्या टर्नरला यातले फारसे काही लाभत नाही, हेही सांगितले पाहिजे.

अमेरिकेत 1990 च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी एक पद्धत रुजली : आधी व्यक्तीच्या आवडीची खरी नोकरी शोधायची, मग तिथेच हाताशी राहून शिकवायचे. प्रवेशाची अट एकच, काम करण्याची इच्छा. आधी लांबलचक प्रशिक्षण देणाऱ्या पद्धतींपेक्षा हिच्यातून जास्त लोक नोकरीला लागले, असे अनेक चाचण्यांत दिसले.

तो तरुण आता एका छोट्या कारखान्यात बसून सुट्या भागांची मापे तपासतो. आमच्या अर्जावर हल्ली पहिला प्रश्न असा असतो : ‘यापूर्वी कोणते काम करत होतात आणि त्यातले काय पुन्हा करावेसे वाटते?’ उत्तराला दोन ओळींची जागा ठेवली होती. लोक पान उलटून मागे लिहितात.