पलटणीचा बिल्ला वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा, कोल्हापूर, कोकण, बेळगाव या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे जुन्या ट्रंकेत एखादा पितळी बिल्ला सापडतो. पणजोबा पलटणीत होते, एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘पहिल्या महायुद्धातला असणार’, आणि तेच पुढे चालू राहतं. माझी विनंती एवढीच, की सांगोवांगीवर जाऊ नका. टोपीवरच्या बिल्ल्याचा काळ बहुतेक वेळा त्याच्याच अंगावर सापडतो.

आधी मुकुट पाहा. १९०१ ते १९५२ या काळात ब्रिटनच्या गादीवर राजे होते. तेव्हाच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोल चढतात. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाल्यावर जो मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या आहेत. आपल्याकडे मात्र २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आलं, मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथचा मुकुट असूच शकत नाही. तसा बिल्ला कुणी जुना म्हणून दाखवला, तर तो सरळ परत करा. एक सावधगिरी हवी: व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मुकुटही वरून थोडा दबलेला असतो. तिथे एकट्या मुकुटावर निकाल देता येत नाही, आकडा पाहावा लागतो.

आणि आकडा मराठा पलटणींच्या बाबतीत फारच बोलका आहे. १९०३ मध्ये हिंदुस्थानचे तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड किचनर यांनी सगळ्या फौजेला नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. तिसरी होती ती १०३ वी झाली, पाचवी १०५ वी, दहावी ११० वी. तेव्हा १०३ किंवा ११० असा आकडा दिसला, की तो १९०३ ते १९२२ मधला. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी तीन: या दोन आणि ११७ वी. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा पलटणी एकत्र होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९४५ मध्ये तो पाचचा आकडाही गळला. इंग्रजी नावाचं स्पेलिंगही पाहा: आधी त्यात एच हे अक्षर आरच्या आधी यायचं आणि टी दोन असत (Mahratta), स्वातंत्र्यानंतर ते Maratha असं झालं. बिल्ल्यावरच्या बिगुलावर मात्र विसंबू नका. ती सगळ्याच लाइट इन्फन्ट्रीची खूण आहे, ब्रिटिश पलटणींचीसुद्धा.

महार रेजिमेंटचा बिल्ला तर मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचा प्रत्येक बदल रेजिमेंटच्या इतिहासातला एक टप्पा आहे. १९४१ मध्ये बेळगावला रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आणि ‘महार’ ही अक्षरं होती. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. तेव्हा स्तंभ असलेला बिल्ला हाती आला, तर तो नीट जपा.

आता बिल्ला उलटा करा. जुन्या बाजारात विक्रेता पुढची बाजू दाखवतो, पण खरं काय ते मागची सांगते. ठशाने काढलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यात पुढच्या उठावाचे खळगे मागे दिसतात. असल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल आकाराने किंचित लहान भरते, तिची अक्षरं बोथट असतात आणि पाठीवर बारीक छिद्रं दिसतात. मात्र दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातही ओतीव पितळी बिल्ले बनत होते, त्यामुळे ओतीव दिसला की लगेच खोटा म्हणू नका. झीज तपासा. शिपायाने रोज ब्रासो लावून घासलेला बिल्ला उंचवट्यांवर गुळगुळीत होतो, खाचांमध्ये अक्षरं तीक्ष्ण राहतात. नकलेत सगळंच सारखं बोथट असतं.

म्हणूनच चिंच, लिंबू, पितांबरी यांपासून त्याला दूर ठेवा. ती झीज आणि तो काळसरपणा हाच पुरावा आहे. घरात पणजोबांचा डिस्चार्जचा कागद असेल, तर त्यावरचा पलटणीचा क्रमांक बिल्ल्याशी ताडून पाहा, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवा. नमस्कार.